डिशमधला पान्हा

या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी वाचते ते हसण्यासाठी. पांढरी साडी, उलटी पावलं, लिफ्ट मागून गायब होणारी बाई... अहो, भुतांना दुसरे उद्योग नाहीत का? माझी डॉक्टरेट पशुप्रजननातली. अमावास्या मला कॅलेंडरवर सुट्ट्या शोधताना दिसते, तेवढीच. तर आता हसायची पाळी तुमची.

नाशिकमध्ये, सिन्नरच्या रस्त्याला आमची छोटी लॅब आहे. कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशयं कोमट सलाइनच्या थर्मासमधून येतात. त्यातली कच्ची बीजांडं सुईने ओढून घ्यायची, डिशमध्ये पोषक द्रवाच्या थेंबांत ठेवायची आणि ग्रोथ फॅक्टर घालून चोवीस तास इन्क्युबेटरमध्ये पिकवायची. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशीला 'आता वाढ' असं सांगणारं प्रथिन. बीजांड पिकलं की भोवतीच्या पेशी भिजवलेल्या सब्जासारख्या फुलतात. यात मंत्रबिंत्र काही नाही.

अंडाशयं धुवायला सुमनताई होत्या. सिन्नरकडच्या, पन्नाशीच्या, कंत्राटी. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर यांच्याच पगारावर. कामाला चोख, पण डोक्यात सगळा गोठा! त्या गुरुवारी सकाळी त्यांनी थर्मासमधली दोन अंडाशयं काढून वेगळ्या वाटीत ठेवली.

"मॅडम, ही नका घिऊ. हिचं रेडकू लय लहान हाय. पान्हा चोरून बसलीय ती."

"सुमनताई, म्हैस मेलीय. आता कोणासाठी चोरतेय?"

"रेडकासाठीच की. दुसऱ्या कुणाला काय बी देत नाय मग ती."

अंडाशय हातात धरून रेडकू केवढं आहे हे माझ्या गाइडलाही सांगता आलं नसतं... आणि या बाईला येतं! मी मुद्दाम त्या दोन्हींतली बीजांडं वेगळ्या डिशमध्ये घातली, ग्रोथ फॅक्टरसकट. झाकणावर मार्करने लिहिलं — 'सुमनताईंची म्हैस'. दोघं रिसर्च स्टुडंट खिदळले. सुमनताई उरलेली अंडाशयं धुवायला लागल्या. इन्क्युबेटरला कुलूप लावून किल्ली मी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या डिश छान फुललेल्या. 'सुमनताईंची म्हैस' मात्र पांढरी! जंतू शिरले, दुसरं काय? मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर जंतू नव्हतेच... स्निग्ध पदार्थाचे गोल गोल थेंब, पहिल्या वर्षाच्या मुलांना दुधात दाखवतात तसे. व्हिनेगरचा थेंब टाकला. नासलं. दूध होतं! बीजांडं तळाशी तशीच, कच्ची.

आता माझी अक्कल बघा. कुलूप माझं, किल्ली माझी, आणि चोर कोण? अर्थात सुमनताई! स्वतःचं खरं करायला दूध घातलं असणार.

"लेकराची आण मॅडम, मी डिशला हात बी लावला नाय," त्या रडत म्हणाल्या.

खरंच होतं ते. डिशला मी कोणाला हात लावू देत नाही. तरीही मी अहवालात 'प्रयोगात हेतुपुरस्सर ढवळाढवळ' असं लिहिलं. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपवलं गेलं. मला चक्क बरं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी थर्मास मीच उघडला, अंडाशयं मीच धुतली, कुलूप मीच लावलं. सकाळी सहा डिशपैकी एक पांढरी. व्हिनेगर टाकलं... नासलं. या वेळी आळ घ्यायला कोणी नव्हतं. त्या थर्मासमध्येही एखादी दुभती असेल, आणि तिची वेगळी वाटी करणाऱ्या बाईला मीच घालवलं होतं.

सलाइन तपासलं, थेंबांवर घालतो ते तेल तपासलं, ग्रोथ फॅक्टरची नवी कुपी मागवली. कशातच काही सापडलं नाही. कॉमेंटमध्ये 'ऊर्जा' आणि 'कंपनं' लिहिणाऱ्या विद्वानांनी कृपया बोटांना विश्रांती द्यावी.

सुमनताई हल्ली कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडतात, असं कळलं. त्यांना परत घ्यायचं तर माझा अहवाल मागे घ्यावा लागेल, आणि कारण लिहावं लागेल. संचालकांना काय लिहू... मेलेल्या म्हशीने पान्हा सोडला? लोक हसतील ना मला! इथेसुद्धा टोपणनावाने लिहितेय मी, ही माझी हिंमत.

डिशमध्ये दूध कुठून आलं, हे मला आजही माहीत नाही. सुमनताईंनी घातलं नव्हतं, एवढं माहीत आहे. तेवढंसुद्धा मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.