कपाटातले सोळा टॅब

अमरावतीत आमचं टॅबलेट दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक दुकानात क्वचितच येतं. खेड्यातली माणसं आणि शाळा टॅब पोस्टाने नाहीतर एसटीच्या पार्सलने पाठवतात, आम्ही दुरुस्त करून तसाच परत पाठवतो. पार्सल उघडायचं काम माझ्याकडे. टॅब परत जातो, किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो. आठ वर्षांत इतके साठलेत की सांगितले नाहीत तर एक दिवस मी टेबलावर डोकं आपटून घेईन!

हसायचं तर हसा. मला यातल्या निम्म्या गोष्टींचा अजून राग येतो.

*

पार्सलसोबत एक फॉर्म भरून पाठवायचा असतो. अकोल्याकडच्या एका काकांनी तो मन लावून भरला होता.

काय बिघाड आहे? 'चालत नाही.' कधीपासून? 'बंद पडला तेव्हापासून.' याआधी कुठे दुरुस्त केला होता? 'घरीच.'

हे 'घरीच' वाचून मी टॅब लगेच उघडायला घेतला. उघडून पाहिलं तर आत एकही स्क्रू नाही! सगळा टॅब सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलेला. मी फोन लावला. "काका, स्क्रू कुठे गेले?"

"उरले होते ना बाई! डबीत ठेवले हायेत. पाठवू काय?"

*

दसऱ्यानंतरचा आठवडा आमच्याकडे कुंकवाचा. शाळांमधून टॅब येतात आणि प्रत्येकाच्या चार्जिंगच्या भोकात हळदकुंकू गच्च भरलेलं! सुईने कोरून काढता काढता माझी बोटं लाल होतात.

एका बाईंना मी शेवटी फोनवर झापलंच. "मॅडम, पूजा करा, पण भोकात कुंकू कशाला?"

"ताई, थेच तं त्याचं तोंड हाय ना!"

मी परत सुई घेतली.

*

वलगावच्या एक काकू मात्र स्वतः आल्या, टॅब पदराखाली धरून. नातीचं नर्सिंगचं शिक्षण, तिचे क्लास त्याच टॅबवर. घेऊन दोन महिने झालेले, वॉरंटी चालू, म्हणजे आम्ही उघडला तर वॉरंटी गेली. मी कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पाऊण तास गाणं ऐकवल्यावर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "क्षमस्व, तुमच्या पिनकोडला दुरुस्तीची सेवा उपलब्ध नाही."

काकूंनी फोन माझ्या हातातून ओढला. "बाई, इकतानी पिनकोड नाई इचारला. आता काहून इचारून राहिली?"

मुलीला बहुतेक पुढचं वाक्य वाचायचंच होतं. "आमच्या सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल?"

"शिवी कोन्त्या नंबरावर हाय?"

*

आता त्या शाळेचं सांगते. सातवीपर्यंतची शाळा, भातकुली तालुक्यातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे शिकवणाऱ्या वैशाली मॅडमना अजून तिथेच नोकरी करायची आहे. पोरं पाचवीत असताना शाळेला सोळा टॅब मिळाले. पोरं सहावीत गेली तेव्हा ते सोळाच्या सोळा आमच्याकडे आले. बॅटऱ्या फुगून मागची झाकणं उचकटलेली, आणि स्क्रीनवरचं प्लास्टिक मात्र अजून जसंच्या तसं!

मी हेडमास्तरांना फोन केला. ते माझ्याआधीच तापलेले. "एकालेही हात लागू देला नाई मी! वर्षभर कपाटात कुलपात होते. खराब झालेच कसे?"

"सर, हात लागला नाही म्हणूनच खराब झाले. चार्ज न करता वर्षभर ठेवल्यावर बॅटरी मरणारच."

"अन् पोरानं फोडला तं? वसुली माह्यावर निंगन ना! तुमी भरसान काय?"

माणूस खोटं बोलत नव्हता. तरीही मला त्याचा इतका संताप आला की फोन ठेवून मी आधी पाणी प्यायले.

*

बॅटऱ्या बदलल्या. टॅब चालू झाले आणि प्रत्येकाने पासवर्ड मागितला! सोळाही टॅब एका जुन्या सरांच्या ईमेलवर नोंदवलेले, आणि सरांची बदली झालेली. वैशाली मॅडमनी त्यांना फोन केला तर म्हणाले, "मी आता त्या शाळेत नाही. पत्र द्या, योग्य मार्गाने."

पत्र गेलं. इकडून तिकडे, तिकडून वर, वरून परत खाली. सव्वा वर्षाने उत्तर आलं. मॅडमनी त्याचा फोटो मला पाठवला. सहीशिक्क्यानिशी एकच ओळ होती: 'सदर पासवर्ड देण्यास या कार्यालयाची हरकत नाही.'

पासवर्ड कुठेच नव्हता!

शेवटी मॅडम एका रविवारी त्या सरांच्या घरी गेल्या आणि सोफ्यावर ठाण मांडून बसल्या. दुपारच्या जेवणाची वेळ झाली तरी उठेनात, तेव्हा सरांनी पासवर्ड सांगितला. तोवर पोरं सातवीत गेली होती आणि वर्षही संपत आलं होतं. मॅडम मला म्हणाल्या, "ताई, एक महिना तरी या पोराइच्या हाती लागले पायजेत. मंग थे शाळा सोडून जातीन."

*

या वेळी पार्सल करायचं माझ्या जिवावर आलं. सगळे टॅब पूर्ण चार्ज केले, सातवीचे धडे भरले आणि रिक्षा करून मी स्वतःच घेऊन गेले.

शाळेत मांडव! हार, माईक, कोणीतरी पाहुणे. सातवीची सोळा पोरं रांगेत उभी. पाहुण्यांनी एकेकाच्या हातात टॅब दिला. फोटोवाल्याने टॅब छातीशी धरायला लावले, "थोडं हसा" म्हणाला. पोरं हसली. फोटो झाले, पाहुण्यांचं भाषण झालं, चहा झाला. पोरं तशीच उन्हात, टॅब छातीशी.

मग पाहुण्यांची गाडी गेली. हेडमास्तरांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि माईकवर म्हणाले, "चला, आता टॅब बंद करा अन् लायनीनं जमा करा."

मी उठलेच. "सर, हे काय चाललंय? पोरांचा महिनाच उरलाय!" माझा आवाज सगळ्या मैदानात गेला असेल. वैशाली मॅडमनी माझा हात धरला. हेडमास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कार्यक्रम झाला मॅडम. आता जबाबदारी माही हाय."

रांगेतलं कोणी हललं नाही. सगळ्यात पुढे दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिने हातातल्या काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, टॅब उलटा करून पाहिला, आणि अगदी सरळ आवाजात विचारलं,

"सर, चालूच कुठं केले आमी?"