रश्श्यात दम नसतोय व्हय?

ड्रॉवर आवरताना जुनी सीडी सापडली आणि त्या दुकानदाराची डरकाळी आठवली. तिनं रंकाळ्याचं पाणी हललं होतं, खोटं वाटलं तर माशांना विचारा! त्याच्या कंप्युटरच्या दुकानासमोरच टेबल मांडून आम्ही जुन्या कंप्युटरलाही पळवणाऱ्या लिनक्स या सॉफ्टवेअरच्या सीड्या फुकट वाटत होतो. त्यानं भंगारात काढायला सांगितलेला कंप्युटर एक मावशी लेकीच्या अभ्यासासाठी उचलून आमच्याकडं घेऊन आल्या. आम्ही सीडी घातली, तसा कंप्युटर शर्यतीच्या बैलागत उधळला. "ओ मावशी, फुकटच्या मालात दम नसतोय!" दुकानदार गरजला. "हाटेलात रस्सा फुकटच परत वाढत्यात की, त्यात दम नसतोय व्हय?" मावशी कडाडल्या. सगळी गल्ली हसली. तो म्हणाला, "टेबल उचला!" आम्ही शेजारी दुसरं मांडलं. आता पेनड्राइव्ह वाटतो, टेबलं पाच झालीत. हिंमत असेल त्यानं उचलून दाखवावीत.