न सोडलेला बाण

डिस्कव्हरी गार्डन्स या आमच्या वसाहतीत आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. दर शनिवारी ते आणि मी एकाच रेंजवर तिरंदाजी करतो. दोरी ताणून ते निवांत थांबतात, मग बाण बरोबर मधोमध लागतो. माझा कडेला. ‘खलास,’ म्हणजे झालं, संपलं, असं म्हणत ते पुढचा बाण उचलतात, तेव्हा माझा जळफळाट होतो.

दर वर्षी ते भावाकडे अमेरिकेला जाऊन धनुष्याने हरणाची शिकार करतात. यंदा तिथे बंदुकीने शिकार करण्याचा हंगाम ते पोचण्याआधीच सुरू झाला. गोळ्यांच्या आवाजाने बिथरलेली हरणं दिवसा झाडीबाहेर येईनात. ते हात हलवत परतले, हे ऐकून मी मनातून सुखावलो.

“एकही दिसलं नाही?” मी विचारलं.

“दिसलं की. वीस पावलांवर. पण कान टवकारलेले, अंग ताठ. दोरी वाजताच उसळलं असतं आणि बाण भलतीकडेच लागला असता. जखमी होऊन कुठेतरी तडफडत राहिलं असतं. नाही सोडला. खलास.”

“वाईट वाटलं असेल.”

“छे हो. दहा मिनिटं बघत बसलो त्याच्याकडे.”

ते समाधानाने हसले. मला हसता आलं नाही. मी बाण सोडला असता.