मागे वळून बघणारा

जर्मनीत, येना शहरातल्या सासूबाईंच्या घरात शिरलं की समोरच एक जुनं डच खडूचित्र होतं. मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणणारा ग्रीक गायक वाटेत मागे वळून बघतो आणि ती कायमची नाहीशी होते. सासूबाई त्याला मूर्ख म्हणायच्या. मीही.

त्यांचं दफन करून निघताना मी नवऱ्याला बजावलं, आमच्यात मागे वळून बघत नाहीत. जर्मन माणसाला कशाचं काय! फाटकाशी थांबून त्याने चांगलं निवांत वळून पाहिलं. मी घरापर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

कुलूप काढून त्याने मला आत सोडलं आणि दार उघडंच धरून उभा राहिला. समोर चित्रातला तो गायक तसाच वळून बघत होता.

"लाव की दार," मी खेकसले.

"थांब जरा," तो म्हणाला. "आईला जिना चढायला वेळ लागतो."