बोटांचे घट्टे

मी जन्मतःच आंधळी, पण ब्रेल शिकले आणि आंधळेपणाचं मला फारसं काही वाटेनासं झालं. पुस्तकावर बोट टेकलं की मी राणी. शहरातल्या आमच्या निवासी अंधशाळेत विज्ञानाच्या बाईंनी पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून पानाच्या शिरा शिकवल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुटीत गावी, देवरीला, एसटीतून उतरले, तेव्हा कधी एकदा हे मायला सांगते असं झालं होतं.

बाबा गेल्यापासून माय घरी एकटी बिडी वळायची. तिच्या सुपातलं तेंदूचं पान घेऊन मी शिरा दाखवल्या. ती म्हणाली, "तुह्या बोटाले सारंच समजते. मंग बिडी काऊन नाही वळत?"

मी हुरळले. तोवर घरात मला कुणी काम सांगितलंच नव्हतं. ती पानं कापून द्यायची, मी तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायची. शेजारणी बघायला आल्या की माय म्हणायची, "माह्यी पोरगी माह्याहून साफ वळते." सुटीभर मी सूप सोडलं नाही.

शाळा उघडली, पुस्तक उघडलं, तर पान नुसतं खरबरीत. अक्षर एकही लागेना. मला वाटलं पुस्तकातली उठावाची टिंबंच दाबली गेलीत. पण शेजारची मुलगी तीच ओळ भराभर वाचत होती. मी बाईंना हाक मारली. बाईंनी माझी बोटं चाचपली.

"घट्टे पडलेत. कातडी जाड झाली की टिंब खालच्या नसांपर्यंत पोचत नाही. बिडीला हात लावू नकोस, वाचता येईल हळूहळू."

दिवाळीला घरी गेले. मायला बिचारीला ठाऊक नसणार, असं धरूनच मी तिला समजावून सांगितलं. तिची कैची थांबली.

"माहीत हाये. माह्ये बोटं कवाचेच मेले. तांदळातला खडा नाही समजत मले."

"मंग मले वळाले कायले बसवलं?"

"वाचता नाही आलं त घरीच राहशील, असं वाटलं."

ती रडली असती तर मी कदाचित विरघळले असते. तिनं पुढचं पान कापायला घेतलं.

टिंबं परत आली, हिवाळा सरता सरता, एकेक करून. मी पुढे शिकले, आता शिकवतेही. पण घरात मिळालेली पहिली शाबासकी माझ्या मुळावर उठली होती, हे काही जात नाही. अजूनही कुणी माझ्या हातांचं कौतुक केलं की मी हात मागे घेते.