दुसूकीचा माइक आणि शेखचं नाव

गेल्या आठवड्यात उरूस संपला. त्या आठ दिवसांत निदान शंभर जणांनी मला सांगितलं असेल, "उम्म रिदा, शेख मुतवल्लींचं नवीन गाणं ऐकलंस का? काय आवाज लागलाय म्हाताऱ्याचा!" मी फुटाणे तोलून देत होते आणि नुसती मान हलवत होते.

तो आवाज शेखचा नाही. तो माझ्या धाकट्या भावाचा आहे, दुसूकीचा. दुसूकी एप्रिलमध्ये गेला. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोलते तसंच मोबाइलवर टाइप करतेय, चुकलं तर समजून घ्या. पण तो कोण होता ते कुणीतरी सांगायला पाहिजे.

दुसूकी सकाळी मिठाईच्या कारखान्यात पाक ढवळायचा आणि संध्याकाळी शेख मुतवल्लींच्या मागे झील धरायचा. तेवीस वर्षं. उरूस असो, कुणाचं लग्न असो, नवस फेडायचा असो, शेख जिथं तिथं हा. झीलकऱ्यांचा नियम आमच्या तांता शहरामध्ये सगळ्यांना माहीत आहे. माइक शेखचा. बाकीच्यांनी दोन पावलं मागे उभं राहायचं, हात पोटावर बांधून. पुढं आलास तर बेअदबी. दुसूकी सतराव्या वर्षी त्या जागेवर उभा राहिला आणि तिथंच उभा राहिला.

दोन वर्षांपासून शेखचा घसा बसला होता. गाण्यात उंच सुराची जागा आली की शेख नुसतं तोंड उघडायचे, हात वर करायचे, आणि आवाज मागून दुसूकीचा यायचा. लोक "अल्लाह! अल्लाह!" करायचे ते शेखकडे बघून. मी एकदा म्हटलं, "तुला राग नाही येत रे?"

"ताई, लोकांपर्यंत गाणं पोचलं ना? मग झालं."

पण डॉक्टरनं हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं त्या दिवशी घरी येऊन बसला, टोपी हातात फिरवत राहिला, आणि म्हणाला, "एक गाणं माझ्या नावानं राहायला पाहिजे होतं. एकच. जास्त नको."

गाणं त्यानं स्वतः केलेलं होतं, पाक ढवळताना. त्यात शेवटी येतं की मी तुझ्या उंबऱ्यापाशी उभा आहे, तू हाक मार, मी आत येतो. कढईपाशी उभा राहून गुणगुणायचा. कारखान्यातल्या बायकांना तोंडपाठ झालं होतं.

त्या महिन्यात माझी भिशी लागली होती. मी म्हटलं, घरीच भरू गाणं. माइक घेऊ. तो नको नको म्हणाला, पण त्याचे डोळे हो म्हणत होते.

आम्हाला माइकमधलं काय कळतं? म्हणून बदीरला बरोबर घेतलं. उस्ता बदीर म्हणतात त्याला, शेखचे कर्णे आणि वायरी सांभाळणारा. दुसूकीचा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्या आईच्या हातचं जेवून मोठा झाला. ती वांगी तळायची तर त्याचा वाटा आधी बाजूला काढायची.

स्टेशनमागच्या गल्लीतलं दुकान. दुकानदार पोरगेलासा, तोंडानं चालू. त्यानं आधी एक सोनेरी डबा काढला. "हाजी, हाच घ्या. माइक, वायर, स्टँड, सगळं आत. वर लाल-निळे दिवेपण लागतात."

बदीर म्हणाला, "दिवे गाणार आहेत का? हे खेळणं तुझ्या भाचीला दे."

मग मांडवातला साधा माइक काढला, हातात धरायचा. स्वस्त, मजबूत, खाली पडला तरी काही होत नाही. माझ्या भिशीत आरामात बसत होता. दुकानदारानं वायर जोडली आणि म्हणाला, "गा."

दुसूकी दोन पावलं मागे गेला, हात पोटावर बांधले आणि गायला लागला. कर्ण्यातून काहीच नाही. शेजारच्या घरात कुणी गातंय असं वाटलं.

"हाजी, जवळ या. चावत नाही तो."

दुसूकी जवळ आला. तोंड माइकला लावलं. पहिला शब्द काढला आणि पाय आपोआप मागे. तीनदा असंच झालं. दुकानातले लोक हसायला लागले. मीपण हसले, खोटं कशाला सांगू. दुसूकी कानापर्यंत लाल झाला.

बदीर नाही हसला. म्हणाला, "तेवीस वर्षांचे पाय आहेत, एका दिवसात पुढं यायचे नाहीत. तो दुसरा लाव, कंडेन्सर, लांबून ऐकणारा."

तो चंदेरी, जड, रबराच्या दोऱ्यांत टांगलेला. जुना होता, जाळीला एका बाजूनं पोचा, म्हणून परवडण्यासारखा. बदीरनं तो कानाशी धरून हलवला, आत काही खुळखुळतंय का बघितलं. मग हेडफोन माझ्या कानावर ठेवले. "गाणं नको ऐकू, उम्म रिदा. शांतता ऐक. स्वस्त माइकची खोड शांततेत कळते. सूं सूं येतंय?"

नव्हतं येत. मग दुसूकी गायला, दोन पावलं मागूनच, हात बांधून. आणि माझ्या कानात असा आला जसा लहानपणी चादरीखाली माझ्या कानाशी कुजबुजायचा. मला रडू फुटलं. मागं रस्त्यापलीकडचा चहावाला चमचा ढवळत होता, तो आवाजपण आला.

दुकानदारानं मात्र खरं सांगितलं. "घरात हा सगळं ऐकतो. खोली गप्प हवी. आणि ह्याला वीज पुरवायला वेगळी डबी लागते, वायर वेगळी, स्टँड वेगळा. तेवढं धरून हिशोब करा." धरलं, आणि भिशी कमी पडली. दुसूकीनं लगेच साध्या माइकला हात घातला.

बदीरनं त्याचा हात बाजूला केला. "डबी माझ्याकडे आहे, जुनी, पण चालते. वायर देतो. माइकवर काटकसर करू नकोस, बाकीचं आपण जुळवू." मला वाटलं, दोस्त असावा तर असा.

घरी आणून आम्ही झाडूच्या दांड्याला माइक बांधला आणि दांडा वाळूच्या बादलीत खोचला. फुटाण्याच्या जुन्या चाळणीची जाळी काढून कड्यावर माझा मोजा ताणून बसवला, म्हणजे तोंडाची फुंकर अडते. दाराखिडक्यांना गोधड्या टांगल्या. तरी तो मेला सगळं ऐकायचा. चार मशिदींच्या चार अजान, गॅसवाल्याची सिलिंडरवर ठोकाठोक, वरच्या मजल्यावरचं भांडण. आमच्या कॅनरीच्या पिंजऱ्यावर मी चादर टाकली, तर आत बसून ती जास्तच गायला लागली.

दोन शुक्रवार वाया गेले. तिसऱ्या शुक्रवारी जेवणानंतर सगळी गल्ली मुलुखियाची पातळ भाजी खाऊन झोपली होती. बदीर त्याच्या काँप्युटरपाशी, मी स्वयंपाकघरात, गुपचूप बसलो. आणि दुसूकी गायला. एकदाही न अडकता. शेवटची ओळ झाली, तू हाक मार, मी आत येतो, आणि मग इतकं शांत झालं की मला वाटलं संपलंच. मी ओरडले, "दुसूकी! अरे दुसूकी! चहा निवतोय!"

बदीरनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! अख्खं गाणं झालं आणि शेवटाला तू?"

दुसूकी हसत हसत बाहेर आला. "राहू दे रे. मी म्हटलं हाक मार, तिनं मारली."

"ते शेपूट कापतो मी," बदीर म्हणाला. गाणं होतं तसं त्यानं दुसूकीच्या मोबाइलवर पाठवलं आणि काँप्युटर काखेत मारून निघाला. "साफ करतो, वर नाव घालतो. दुसूकी अबू शाहीन. मोठ्या अक्षरात."

पुढच्या आठवड्यात देतो, म्हणाला. मग त्याच्या पुढच्या. दुसूकी विचारायचा नाही, मी विचारायचे. एप्रिलात तो कारखान्याच्या जिन्यावर बसला तो उठला नाही.

बदीरनं त्याला खांदा दिला. माझ्यापेक्षा जास्त रडला. चाळीस दिवस झाल्यावर मी गाण्याचं विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "उम्म रिदा, कसं सांगू. काँप्युटर बसला. सगळं गेलं." आणि मी त्याचीच समजूत काढली! म्हटलं, जाऊ दे, नशीब. माइक झाडूवरून सोडवला आणि त्याला दिला, दोस्ताची आठवण म्हणून. त्यानं तो डोळ्यांना लावला.

आता ऑक्टोबर. उरसाचा दुसरा दिवस. मी पाव किलो फुटाणे तोलत होते आणि समोरच्या हलवायाच्या कर्ण्यातून दुसूकी आला. तराजू माझ्या हातातून पडला. मी म्हटलं, भास होतोय. पण दुसऱ्या ओळीच्या मागं आमची कॅनरी गात होती. चादरीखालची. माझा पक्षी मी ओळखणार नाही? हलवाई म्हणाला, "शेख मुतवल्ली! परवाच आलंय. सगळीकडे हेच चालू आहे."

दुकान तसंच टाकून मी शेखच्या मांडवात गेले. बदीर वायरी गुंडाळत होता. मला काळ्या कपड्यात येताना बघूनच उभा राहिला.

"काँप्युटर बसला होता ना?"

त्यानं हातातली वायर खाली ठेवली.

"आईनं तुला जेवू घातलं ते ह्याच्यासाठी?"

"ओरडू नकोस, लोक बघतात."

"बघू देत! गाणं कुणाचं?"

मग त्यानं जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "त्याचं नाव लावलं असतं तर किती जणांनी ऐकलं असतं, सांग? तू, मी आणि कारखान्यातल्या चार बायका. शेखचा घसा गेलाय, शेख संपला तर आम्हा सगळ्यांची चूल बंद. दुसूकी जिवंत असता तर त्यानं स्वतःच दिलं असतं."

"तो जिवंत होता, बदीर. तीन महिने जिवंत होता. एकदा विचारायचं होतंस."

 माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे. विचारलं असतं तर कदाचित माझा भाऊ हो म्हणाला असता, आणि हे बदीरला माहीत होतं. तरी विचारलं नाही.

शेख आत बसून गरम बडीशेपेचं पाणी पीत होते. आवाज घोगरा, ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. म्हणाले, "मुली, झीलकऱ्याचा आवाज तो शेखचाच आवाज. मला माझ्या शेखनं हेच शिकवलं. तेवीस वर्षं तो माझ्यासाठीच गायला."

"मांडवात गायला, मौलाना. हे तो माझ्या घरात गायला."

"बरं, मग खाली लिहायला सांगतो. साथ, दुसूकी."

"साथ कुणाला? त्या खोलीत तुम्ही नव्हता."

शेखनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघायचं बंद केलं. बाहेर कर्ण्यांजवळ आमचा माइक उभा होता, चकचकीत स्टँडवर, जाळीला पोचा पडलेला. मी तो स्टँडवरून काढला आणि काखेत घेतला. बदीर बघत राहिला, अडवलं नाही.

घरी येऊन दुसूकीचा मोबाइल काढला. एप्रिलपासून मी त्याला हात लावला नव्हता. चार्ज केला. गाणं त्यातच होतं, होतं तसं, शेपटासकट.

तुम्ही शेखच्या नावाचं गाणं ऐकलं असेल तर शेवटाकडे लक्ष द्या. "मी आत येतो" म्हटल्यावर दार आपटल्यासारखं एकदम बंद होतं. तिथं बदीरनं कात्री लावलीय. तिथं जे होतं ते मी ह्या लिहिण्याखाली टाकलंय, न कापता. माइक सगळं ऐकतो म्हणून आम्ही त्याला किती शिव्या घातल्या होत्या. त्यानं माझी हाकपण ऐकली. दुसूकी, अरे दुसूकी, असं दोनदा, स्पष्ट आहे. वर कुणाचंही नाव लिहा.

आणि हाकेनंतर लगेच बंद करू नका. स्वयंपाकघराकडे यायला त्याला माइकजवळून यावं लागत होतं. दोन पावलं वाजतात, आणि मग तो एकदम जवळ, अगदी तोंडाशी येऊन म्हणतो, "आलो, ताई."