टाकव्याच्या विहिरीत न सापडलेला खेकडा

चौथीसाठी लिहिलेलं आरोग्य-विज्ञानाचं पुस्तक खेड्यातल्या मुलांना कितपत कळतं, यावर पुस्तक समितीला अभिप्राय हवा होता. बाकीच्या सभासदांनी पुण्यात बसूनच ‘सुबोध’ असा शेरा मारला. मला ते पटेना, म्हणून होळी झाल्यावर मी मावळात निघाले.

सकाळच्या पॅसेंजरनं वडगाव, पुढं टाकवे बुद्रुकपर्यंत बैलगाडी. कुणी जाणार असेल तर गाडीत पेंढा दुप्पट घालायला सांगा. माझी कंबर अजून बोलते आहे. तिथल्या शाळेच्या गुरुजींकडे तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी झकास होती. चांगलं म्हणावं असं तेवढंच.

शाळेत पुस्तकाच्या नमुना प्रतीतून नारूचा, म्हणजे पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणाऱ्या जंताचा, धडा चालला होता. पाण्यातल्या बारीक किड्यातून नारू पोटात जातो, म्हणून पाणी गाळून प्यावं. मजकूर बरोबर होता. पण चित्रातला किडा अर्धं पान भरून, मिशा-शेपटीसकट. खाली बारीक टाइपात ‘सूक्ष्मदर्शकातून’.

“हा केवढा असतो?” मी विचारलं.

“खेकड्याएवढा,” यमुना नावाची मुलगी म्हणाली. “आमी हिरीत लय येळ बघितला बाई. न्हाई तितं.”

तिची आई अनसूयाबाई पायऱ्यांच्या विहिरीवर भेटली. नारूनं सुजलेल्या घोट्याला चिंधी बांधलेली.

“गुरुजींनी सांगितलं तवा गाळत हुते,” ती म्हणाली. “मंग पोरीनं चित्र दावलं. एवढं जनावर असतं तर दिसलं नसतं व्हय? दिलं सोडून.”

मी काचेच्या बाटलीत तेच पाणी घेऊन उन्हात धरलं. पांढुरके ठिपके टुणटुण हलत होते. ती बराच वेळ बघत राहिली.

“ह्ये हाय व्हय? मंग पुस्तकात खोटं कशापायी काढलं?”



तोच प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला गेले. समितीचे अध्यक्ष उन्हाळ्यापुरते तिथल्या बंगल्यात राहत होते. चहा फक्कड होता.

“बाई, चित्रांचे छपाईचे ठसे तयार झालेत. आणि खाली लिहिलंय ना?”

“सूक्ष्मदर्शक मुलांनी कुठं पाहिलाय?”

“गुरुजी समजावतील.”

गुरुजींनी तरी कुठं पाहिला होता?

मी अभिप्रायात ‘अयोग्य’ लिहिलं. पुस्तक बहुमतानं मंजूर झालं.

घरी येऊन आठवडाभर धुमसत होते. मग गुरुजींना लिहिलं, चित्रावर कागद चिकटवा, पाणी उन्हात धरून दाखवा. त्यांचं उत्तर आलं: अनसूयाबाई पुन्हा गाळायला लागल्या, शेजारणींनाही दाखवतात.

बाकीच्या शाळांत ते पुस्तक जूनपासून लागेल. तालुक्यातल्या शाळांची यादी मी मागवून घेतली आहे आणि रोज दोन शाळांच्या गुरुजींना तेच पत्र लिहिते. आज परंदवडीचं झालं.